मोठा अ‍ॅम्प घेण्याआधी घरचे वॉट मोजा

फोंड्याच्या वरच्या बाजारात माझं अ‍ॅम्प-रेडिओ दुरुस्तीचं दुकान आहे (अ‍ॅम्प म्हणजे आवाज मोठा करून स्पीकरला देणारा अ‍ॅम्प्लिफायर). दारातून आत येणाऱ्या माणसाचं पहिलं वाक्य बहुतेक वेळा एकच असतं, "आवाजात दम नाही, पावर कमी पडते." त्याच्या मागोमाग दुसरं, "शंभर वॉटचा घेऊ काय?" घ्या, माझं काय जातं. पण घरात बसून नाट्यगीतं, भजनं, जुनी सिनेमातली गाणी ऐकणाऱ्या माणसाला शंभर वॉट खरोखर लागतात असं क्वचितच दिसतं. आपल्याला किती लागतात ते स्वस्तातल्या मल्टिमीटरने घरीच मोजता येतं. ती रीत पुढे सांगतो. त्याआधी वॉट आणि कान यांचा हिशेब समजून घ्या, नाहीतर मोजून आलेल्या आकड्याचं करायचं काय, तिथेच गाडी अडेल.

वॉट दुप्पट केले तर आवाज दुप्पट होत नाही

५० वॉटचा अ‍ॅम्प काढून तिथे १०० वॉटचा लावला तर आवाज वाढतो फक्त ३ डेसिबलने. म्हणजे "हां, जरासा वाढला" म्हणण्याइतका. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, आणि १० डेसिबल म्हणजे दहापट वॉट. ४० वॉटच्या अ‍ॅम्पवरून "दुप्पट मोठा आवाज" हवा असेल तर हिशेब थेट ४०० वर जातो. ४० चा विकून ५० चा घेणाऱ्याच्या पदरात १ डेसिबल पडतो. तो ऐकू यायला दोन्ही अ‍ॅम्प शेजारी ठेवून अदलाबदल करावी लागेल.

उलट बाजूने पाहिलं तर हाच हिशेब आपल्या फायद्याचा आहे. स्पीकरच्या कागदावर सेन्सिटिव्हिटी नावाचा आकडा असतो. एक वॉट दिला आणि एक मीटरवर मोजलं तर किती डेसिबल, असा त्याचा अर्थ. घरगुती स्पीकर साधारण ८४ ते ९० च्या दरम्यान असतात. ८७ चा स्पीकर आणि ९० चा स्पीकर यांत ३ डेसिबलचा फरक, म्हणजे ९० चा स्पीकर लावणं आणि अ‍ॅम्प दुप्पट मोठा करणं कानाला सारखंच. दुकानात जाऊन वॉट विचारणारे पुष्कळ, सेन्सिटिव्हिटी विचारणारा विरळा. आणखी एक खोच: कागदावर एक वॉटऐवजी "२.८३ व्होल्ट" लिहिलं असेल आणि स्पीकर ४ ओहमचा असेल (ओहम म्हणजे स्पीकर करंटला करतो तो अडथळा, आकडा स्पीकरच्या पाठीवर असतो), तर तिथे खरे २ वॉट दिलेले असतात. त्या आकड्यातून ३ वजा करून वाचा.

आता ८७ चे दोन स्पीकर घ्या आणि तीन मीटरवर खुर्ची टाका. अंतराने आवाज उतरतो, पण दोन स्पीकर मिळून थोडा वाढतो आणि भिंतीही काही परत देतात. सगळं धरून प्रत्येकी एका वॉटवर खुर्चीत ८० च्या वर डेसिबल सहज मिळतात. समोर बसून गप्पा मारतो तो आवाज ६० च्या आसपास असतो. म्हणजे एका वॉटवरच तुमच्या घरातल्या माणसांना बोलण्यासाठी ओरडावं लागतं.

स्पीकरच्या पाठीवरचा वॉटचा आकडा तर आणखी वेगळी गोष्ट सांगतो. तो किती वाजेल ते सांगत नाही, किती सोसेल ते सांगतो. १०० वॉट लिहिलेल्या स्पीकरला १०० वॉटचाच अ‍ॅम्प लागतो असं नाही.

मग वॉट लागतात कुठे

तबल्याच्या चाटीवर. तंबोरा सलग वाजतो, हार्मोनियम बरीचशी सलग, गळाही आलापात सलग. तबल्याची थाप मात्र क्षणात उसळते आणि क्षणात विरते. मैफलीच्या चांगल्या, न दाबलेल्या ध्वनिमुद्रणात असे क्षण सरासरी पातळीच्या १५ ते २० डेसिबल वर जातात. २० डेसिबल म्हणजे शंभरपट वॉट. गायक आलाप घेतो तेव्हा अ‍ॅम्प अर्ध्या वॉटवर निवांत असतो, आणि त्याच नॉबवर समेची थाप आली की त्या क्षणापुरते ५० वॉट मागितले जातात. हल्लीची सिनेमातली गाणी मिक्सिंगमध्येच दाबून सपाट केलेली असतात, तिथे हा फरक ८-१० डेसिबलवर येतो. म्हणून तोच अ‍ॅम्प नव्या गाण्याला दणदणीत वाटतो आणि एखाद्या जुन्या मैफलीच्या कॅसेटवरून काढलेल्या फाइलला गुदमरतो.

गुदमरतो म्हणजे काय? अ‍ॅम्पच्या आतल्या पुरवठ्याच्या व्होल्टेजला एक छत असतं. थापेची लहर त्याहून उंच जायला लागली की तिचं डोकं कापलं जातं. याला आम्ही क्लिपिंग म्हणतो. ऐकायला ते असं येतं: चाटीवरचा 'ना' टण् असा निघायच्या जागी टप् असा चपटा निघतो. गाणारा तार षड्जावर गेला आणि त्याच वेळी हार्मोनियमही भरून वाजली की दोघांच्या आवाजाला एकच खरखर चढते. द्रुत लयीत सगळं एकमेकांना चिकटतं आणि दहा मिनिटांत कान थकतो, का ते कळत नाही. नॉब थोडा खाली आणला की सगळं एकदम मोकळं होतं. हे शेवटचं लक्षण पक्कं. आवाज कमी करताच स्वच्छ होत असेल तर वॉट खरंच कमी पडताहेत. आवाज कमी केल्यावरही तसाच राहत असेल तर दोष दुसरीकडे आहे, आणि मोठा अ‍ॅम्प आणून काही होणार नाही.

यातूनच एक गैरसमज निघतो की छोट्या अ‍ॅम्पने स्पीकर जळत नाही. जळतो, आणि आधी ट्वीटर, म्हणजे तीव्र स्वरांचा छोटा स्पीकर, जातो. डोकं कापलेल्या लहरीत तीव्र स्वरांचा भरणा वाढतो. पूर्ण चौकोनी झालेल्या लहरीत तर त्याच उंचीच्या गोल लहरीच्या दुप्पट ताकद असते. ट्वीटरची तार केसासारखी, ती मोजकेच वॉट सोसते. चतुर्थीत आरत्यांनंतर पोरं नॉब शेवटपर्यंत फिरवतात आणि दसऱ्यापर्यंत ट्वीटर माझ्या टेबलावर येतात, त्याचं कारण हे.

डब्यावरचा आकडा आणि आतला आकडा

टू-इन-वनच्या जमान्यात पुठ्ठ्याच्या खोक्यांवर "पीएमपीओ १००० वॉट" छापलेलं असायचं. त्याला काही अर्थ नव्हता. आज तो शब्द गेला, सवय राहिली. बाजारात मिळणाऱ्या असेंबल्ड अ‍ॅम्पमध्ये ४४४० चा बोर्ड फार दिसतो. तो आयसी मुळात गाडीतल्या टेपसाठीचा, १३.२ व्होल्टवर दोन चॅनेलना (डाव्या-उजव्या बाजूंना) प्रत्येकी ६ वॉट, आणि दोन्ही जोडून एक केला तर १९. त्याच्या डब्यावर २०० वॉट लिहिलेलं पाहिलं आहे.

ब्लूटूथवाल्या छोट्या मिनी अ‍ॅम्पचं गणित तर तुम्ही स्वतः करू शकता. अडॅप्टर उचला आणि वाचा. १२ व्होल्ट, ३ अँपिअर म्हणजे ३६ वॉट. आत ३६ जातात, मग बाहेर "१०० + १००" कुठून येणार? शिवाय व्होल्टेजचं छत आहेच. अशा क्लास-डी (वेगाने चालू-बंद होत चालणाऱ्या, कमी तापणाऱ्या) बोर्डात अडॅप्टरच्या व्होल्टचा वर्ग करा, त्याला स्पीकरच्या ओहमच्या दुपटीने भागा. १२ गुणिले १२ म्हणजे १४४, भागिले १६, आले ९. आठ ओहमच्या स्पीकरला चॅनेलमागे जास्तीत जास्त ९ वॉट. तोच बोर्ड १९ व्होल्टच्या जुन्या लॅपटॉप अडॅप्टरवर चालवला तर २२ च्या वर जातो. ४ डेसिबल वाढले, आणि अडॅप्टर बहुधा घरातच पडलेला असतो. मात्र आधी बोर्ड किती व्होल्ट सोसतो ते पाहा. अशा बोर्डांत नेहमी दिसणारा टीपीए ३११६ आयसी २६ व्होल्टपर्यंत चालतो, पण स्वस्त बोर्डांवरचे कॅपॅसिटर काठावर असतात. त्यांच्यावर २५ व्होल्ट छापलं असेल तर २४ चा अडॅप्टर लावू नका, १९ वर थांबा.

मोठ्या कंपन्या खोटं लिहीत नाहीत, पण अर्धं लिहितात. एकच चॅनेल चालवून, एकाच १ किलोहर्ट्झ स्वरावर, ६ ओहमवर, १० टक्के विकृती येईपर्यंत दाबून काढलेला आकडा पुढच्या पानावर मोठ्या अक्षरात असतो. दोन्ही चॅनेल चालू, ८ ओहम, २० ते २०,००० हर्ट्झ, विकृती एक टक्क्याच्या खूप खाली, हा आकडा मागच्या पानावर बारीक अक्षरात. विकत घेताना मागचं पान वाचा. अमेरिकेत या फसवाफसवीला आळा घालायला १९७४ मध्ये नियमच करावा लागला होता. होम थिएटरच्या रिसीव्हरमध्ये हे प्रकरण सगळ्यात वाईट, कारण पाच-सात चॅनेल एकाच ट्रान्सफॉर्मरवर जगतात.

जुना ट्रान्सफॉर्मरवाला अ‍ॅम्प असेल तर उचलून बघा. दोन चॅनेलना ५०-५० वॉट देतो म्हणणारा एबी क्लासचा (जुन्या पद्धतीचा) अ‍ॅम्प एका हाताने पेलता येत असेल तर शंका घ्या. ही कसोटी क्लास-डीला लावू नका, तो हलकाच असतो आणि तरी प्रामाणिक असू शकतो.

मोजायची रीत

सामान फार लागत नाही. एक डिजिटल मल्टिमीटर, फोन किंवा संगणक, आणि १०० हर्ट्झच्या सलग स्वराची एक फाइल जी पूर्ण पातळीच्या (फाइलमध्ये मावणाऱ्या सगळ्यात मोठ्या आवाजाच्या) १२ डेसिबल खाली आहे. ऑडॅसिटी हा मोफत प्रोग्रॅम ती बनवून देतो: टोन तयार करताना फ्रीक्वेन्सी १०० आणि अ‍ॅम्प्लिट्यूड ०.२५ भरा, झालं. ०.२५ म्हणजेच उणे १२ डेसिबल.

आधी स्पीकर लावलेलेच ठेवून तुमच्या संग्रहातलं सगळ्यात कठीण ध्वनिमुद्रण लावा, ज्यात तबला-पखवाज उसळतो ते. तुम्ही कधी काळी ज्या मोठ्यात मोठ्या आवाजात ऐकता तिथवर नॉब न्या. शेजाऱ्यांना दाखवायचा आवाज नको, तुमचा खरा मोठा आवाज. नॉब तिथेच सोडा. इथून पुढे त्याला हात लावायचा नाही, फोनच्या आवाजालाही नाही. फोन सुरुवातीपासूनच पूर्ण वर असू द्या, इक्वलायझर बंद, आणि गाण्यांचा आवाज आपोआप सारखा करणारी जी सोय अ‍ॅपमध्ये असते ती बंद. ती चालू राहिली तर गाणं एका पातळीवर आणि टोन दुसऱ्या पातळीवर जाईल, आणि सगळं मोजमाप फुकट.

अ‍ॅम्प बंद करा. स्पीकरच्या तारा अ‍ॅम्पच्या पाठीमागून काढा. व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प असेल तर इथेच थांबा, त्याला स्पीकरशिवाय चालवायचा नसतो, आतला आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो. ट्रान्झिस्टर आणि आयसीवाल्यांना काही होत नाही. अ‍ॅम्प पुन्हा चालू करून टोनची फाइल लावा. आवाज येणार नाही, स्पीकरच नाहीत. मीटर एसी व्होल्टच्या २० च्या रेंजवर ठेवून लाल-काळ्या टर्मिनलना टोकं लावा. टोकं एकमेकांना लागू देऊ नका. जो आकडा येईल तो लिहून घ्या.

त्याला ४ ने गुणा. १२ डेसिबल म्हणजे व्होल्टेज चौपट, म्हणून. मग त्याचा वर्ग करा आणि स्पीकरच्या ओहमने भागा. मीटरवर १ व्होल्ट आला तर ४ झाले, वर्ग १६, भागिले ८, म्हणजे २ वॉट. मीटरवर २ व्होल्ट असतील तर ८ वॉट, ३ असतील तर १८, ५ असतील तर ५०. हा आकडा म्हणजे तुमच्या ऐकण्यातल्या सगळ्यात उंच थापेला लागणारे वॉट, आणि तो कंपनीच्या प्रामाणिक आकड्याशी थेट ताडून पाहता येतो. ध्वनिमुद्रण हळू पातळीवर केलेलं असेल तर खरी गरज याहून कमीच निघते, जास्त नाही.

टोन १२ डेसिबल खाली का ठेवायचा? पूर्ण पातळीचा लावला आणि अ‍ॅम्प आधीच कमी पडत असेल, तर टोनचंही डोकं कापलं जाईल आणि मीटर अ‍ॅम्पची कुवत दाखवेल, तुमची गरज दाखवणार नाही. खाली ठेवलेला टोन कापला जात नाही, म्हणून ३० वॉटच्या अ‍ॅम्पवरही "तुला ६० लागताहेत" असं उत्तर निघू शकतं.

ही मोजणी शक्य झालं तर जुलैत करा. कौलारू घरात किंवा पत्र्याखाली पाऊस कोसळत असतो तेव्हा आपण नकळत नॉब वर नेतो. ६ डेसिबल वर नेला तर चौपट वॉट, १० नेला तर दहापट. जानेवारीत ३ वॉटांत भागणाऱ्याला धो धो पावसात ३० लागू शकतात. आणि बासचं बटण किंवा लाउडनेस दाबून ऐकत असाल तर खर्जाच्या स्वरांचे वॉट त्याच हिशेबाने वाढतात. १० डेसिबल बास वाढवला की त्या पट्ट्यात दहापट मागणी. पुष्कळांचा अ‍ॅम्प तिथेच संपतो. मोजताना ते बटण सरळ ठेवा आणि नंतर ऐकताना थोडा हात आखडता घ्या.

आकडा कमी आला आणि तरी दम नाही, असं असेल तर

माशेलचे एक मास्तर माझे जुने गिऱ्हाईक. दोन चॅनेलचा ४० वॉटचा चांगला जपानी अ‍ॅम्प. म्हणाले, "बाबा, हा विकून टाक आणि मला शंभरचा बघून दे. डाव्या बाजूला काही जीवच नाही." मी म्हटलं, "मास्तर, आधी मोजू या." त्यांच्या नेहमीच्या नॉबवर मीटर २.१ व्होल्ट दाखवत होता, दोन्ही बाजूंना. गणिताने ९ वॉटसुद्धा नाहीत. ४० वॉटच्या अ‍ॅम्पमधला चौथा हिस्साही ते वापरत नव्हते.

मग डावी बाजू मेली का? स्पीकर परत जोडले आणि तारा अदलाबदल केल्या, डावा स्पीकर उजव्या टर्मिनलला आणि उजवा डाव्याला. आता उजवा स्पीकर मेला. म्हणजे स्पीकर चांगले, अ‍ॅम्पची डावी बाजू आजारी. हळू आवाजात ती जवळजवळ गप्प, नॉब जोरात वर नेऊन परत खाली आणला की काही वेळ नीट चालते आणि पुन्हा खंगते. हे रिलेचं लक्षण. अ‍ॅम्प चालू केल्यावर दोन-तीन सेकंदांनी आतून जो टक् असा आवाज येतो तो रिलेचा, म्हणजे आतल्या विजेवर चालणाऱ्या स्विचचा. स्पीकर वाचवायला तो बसवलेला असतो. झाकण काढून प्लॅस्टिकच्या डबीतून टॉर्च मारला तर डाव्या बाजूच्या चांदीच्या टिकल्या काजळासारख्या काळ्या. आपल्या हवेत ओल आणि खार, टिकल्यांवर थर चढतो, आणि बारीक करंट त्यातून पार होत नाही. स्पीकर काढून मोजताना व्होल्ट बरोबर दिसले ते याचसाठी: मीटरला करंट लागतच नाही, स्पीकरला लागतो. म्हणून माझ्या रीतीत एक पुरवणी जोडा. मोजून झाल्यावर नॉब बराच खाली आणून, स्पीकर लावून, तोच टोन हळू वाजवत पुन्हा दोन्ही बाजूंचे व्होल्ट बघा. एका बाजूला ते खचत असतील तर वॉटचा प्रश्नच नाही.

रिले बदलला, मास्तरांचा अ‍ॅम्प परत गेला. तुम्ही स्वतः करणार असाल तर कॉइलचे व्होल्ट आणि पायांची मांडणी तीच असलेला नवा रिले घ्या. जुन्या टिकल्या काचकागदाने घासू नका, वरचा मुलामा निघून जातो आणि त्या लवकर पुन्हा काळ्या पडतात. आणि प्लग काढल्यावरही मोठे कॅपॅसिटर भरलेले असतात, तेवढं भान नसेल तर झाकण उघडू नका.

बाकीची कारणं पटापट सांगतो. एका स्पीकरच्या लाल-काळ्या तारा उलट जोडल्या गेल्या की बास नाहीसा होतो आणि गाणारा खोलीत कुठे उभा आहे ते कळत नाही. एका बाजूच्या तारा पालटून पाहा, ज्या जोडणीत खर्ज जास्त ती बरोबर. वूफरच्या (खर्जाच्या मोठ्या स्पीकरच्या) कडेची फोमची रिंग दमट हवेने भुगा होते, बोट लावलं की हातात येते. ती बदलून मिळते. व्हॉल्यूमचा नॉब फिरवताना करकर येत असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, गंज सोडवायचं तेल नको. स्पीकरची तार बेलच्या तारेसारखी बारीक नको. दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची तार दहा मीटर नेली तरी ८ ओहमला पाव डेसिबल इतकंच जातं, तेवढं पुरे. त्याहून महागड्या तारेला पैसे घालवण्यात मला रस नाही.

नव्या फ्लॅटमध्ये मात्र वेगळी गंमत असते. विट्रिफाइड फरशी, काचेची सरकती दारं, उघड्या भिंती. आवाज इतका फिरतो की शब्द पुसले जातात, आणि माणूस ते ऐकू यावेत म्हणून नॉब वाढवतो. तिथे अ‍ॅम्प नको, जाड पडदा आणि खाली एक सतरंजी घाला. जुन्या घराच्या वसरीत (ओसरीत), माडी नसलेल्या उंच कौलांखाली, उलट होतं. चिऱ्यांच्या भिंती दणकट असल्या तरी आवाज वर कौलांतून निघून जातो आणि खर्ज हाती लागत नाही. स्पीकर भिंतीजवळ सरकवा, खर्ज भरतो. त्यानंतरही कमी वाटलं तर तिथे वॉटचा विचार खराच करावा लागतो.

संध्याकाळचे व्होल्ट आणि वळवाच्या विजा

"संध्याकाळी लाइट मंद होते, अ‍ॅम्पची पावर पडते, स्टॅबिलायझर घेऊ का?" असंही गिऱ्हाईक विचारतं. साध्या ट्रान्सफॉर्मरच्या अ‍ॅम्पला २३० चे २०० व्होल्ट मिळाले तर पूर्ण ताकदीत साधारण चोवीस टक्के घट येते. ऐकायला भयंकर वाटतं, डेसिबलमध्ये ती जेमतेम १.२. अडॅप्टरवर चालणाऱ्याला तर तेवढीही नाही. आवाजासाठी स्टॅबिलायझर घेऊ नका. मे महिन्यातल्या वळवात आणि दिवाळीच्या आसपासच्या परतीच्या पावसात ढग गडगडले की प्लग खेचून काढा, फक्त बटण बंद करून भागत नाही. केबलच्या टीव्हीला अ‍ॅम्प जोडलेला असेल तर ती तारही काढा, वीज तिथूनही येते.

आकडा मोठा आला तर

मोजलेल्या आकड्याच्या दुप्पट प्रामाणिक वॉटचा अ‍ॅम्प असला की ३ डेसिबलची मोकळीक मिळते, घरगुती ऐकण्याला तेवढी पुष्कळ. ९ आले तर २०, १८ आले तर ३५-४०. त्याहून मोठा घेतल्याने बिघडत नाही, पण सुधारतही नाही. उलट मंडपवाल्यांचा ५०० वॉटचा पीए अ‍ॅम्प घरी आणला की त्याचा पंखा आणि स्पीकरमधली सूं अशी झिरमिर तंबोऱ्याच्या वर ऐकू येते. आपण बहुतेक वेळ पहिल्या एका वॉटातच ऐकतो, तो वॉट स्वच्छ आणि शांत हवा.

४ ओहमचा स्पीकर असेल, किंवा दोन खोल्यांत एकाच चॅनेलवर ८-८ ओहमचे दोन जोडून तो ४ झाला असेल, तर अ‍ॅम्पच्या पाठीवर ४ ओहम चालतो असं छापलं आहे का ते बघा. नसेल तर तो तापेल आणि मोठ्या थापेला बंद पडेल. वॉट असून उपयोग नाही, करंट पुरत नाही.

सावईवेऱ्याच्या एका गृहस्थांकडे खरंच मोठा आकडा आला. राजांगणाच्या (घराच्या मधल्या चौकाच्या) बाजूला उघडी असलेली लांब वसरी, वीस माणसं भजनाला बसतात आणि नंतर सगळे मिळून जुनी मैफल ऐकतात. मीटरवर ५.५ व्होल्ट. २२ चा वर्ग ४८४, भागिले ८, म्हणजे ६० वॉट, आणि अ‍ॅम्प ३० चा. टप् टप् चाट त्यांना ऐकू येतच होती. ते १२० वॉटचा बघायला निघाले होते. मी स्पीकरचा कागद मागितला. ८४ ची सेन्सिटिव्हिटी, छोट्या खोलीसाठी बनवलेले देखणे डबे. मी त्यांना ९० चे मोठे स्पीकर घ्यायला सांगितलं. ६ डेसिबल म्हणजे चौपट, ६० ची गरज १५ वर आली. जुनाच ३० चा अ‍ॅम्प आता निम्म्यावर चालतो. ८४ वाले डबे त्यांनी पोराच्या खोलीत लावले, तिथे त्यांना १० वॉटही लागत नाहीत.